हिरव्या दोऱ्याची

मी जात्याच संशयी. भाजीवाल्याने न मागता दोन मिरच्या जास्त टाकल्या तर मी आधी मेथीची जुडी उलटी करून खालची पानं बघते. कुणी फार गोड बोलायला लागलं की माझं लक्ष त्याच्या हाताकडे जातं. सुना याला खोड म्हणतात, आणि असेलही. परवा ऊर्जानगरला नातवाकडे गेले होते. त्याच्याकडे नेहमीच्याच बिस्किटांचा पुडा होता, पण निळ्याचा पिवळा झालेला. हे काऊन बदललं म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, "आजी, आता कंपन्या रंग ठरवायला शिकलेली माणसं ठेवतात. कोणता रंग पाहून माणसाच्या मनात काय येतं, याचा अभ्यास असतो त्यांचा." मी म्हटलं, "अन् खरं कारण सांगतात काय ते?" तो हसला आणि चहा ठेवायला आत गेला. मला मात्र माझे बाबा आठवले. त्यांनी आमच्या बिडीचा रंग कुणालाही न विचारता एकट्याने ठरवला होता, आणि त्या रंगापायी आमच्या घरातलं एक माणूस घर सोडून गेलं. त्यात माझा हात किती होता ते एकदा लिहून टाकते.

आमचं गाव ब्रह्मपुरीहून वैनगंगेच्या अंगाला. घरापुढे लांबलचक पडवी होती आणि तीच आमचा कारखाना. सकाळची भाकर खाऊन गावातल्या सात-आठ बाया तिथे येऊन बसायच्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात एका बाजूला तमाखू आणि दुसऱ्या बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पानावर पत्र्याचा लहानसा तुकडा ठेवायचा, त्याच्या मापाने कात्रीने पान कापायचं, त्यात तमाखू भरून वळायचं, वरचं तोंड दुमडायचं आणि खाली दोऱ्याचे दोन वेढे देऊन गाठ मारायची. आठ कात्र्या एकदम चालायला लागल्या की पडवीतून जो आवाज यायचा तो मला अजून कानात येतो, पालवीवर शेळ्या सोडल्यासारखा. माझी माय स्वयंपाक उरकून बाहेर आली की तयार बिड्यांचे कट्टे बांधायची आणि त्यांच्यावर कागद गुंडाळायची. दुपारी सगळ्यांसाठी मोठ्या गंजात आंबील असे. लाखोरीची डाळ, तांदळाची भाकर, कधी बोडीतल्या झिंग्यांची चटणी. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, प्रत्येक गावामागे एखादं तरी असतंच. जेवणालाही तमाखूचा वास यायचा, पण तो वास आहे हे मला लग्न होऊन सासरी गेल्यावर कळलं.

बिडीच्या कागदावर बाबांनी नाव छापून घेतलं होतं, पण ते इथे लिहीत नाही, कारण ते कुणी कधी घेतलंच नाही. ओढणाऱ्यांना वाचता येत नव्हतं. शिवाय दुकानदार कट्टा फोडून बिड्या डब्यात ओतायचे आणि दोन-दोन, चार-चार अशा सुट्या विकायचे. कागद जायचा उकिरड्यावर. उरायचा तो दोरा. तेव्हा बिडीचं नाव म्हणजे दोऱ्याचा रंग. एका मोठ्या शेठची लाल दोऱ्याची होती, दुसऱ्याची काळ्या दोऱ्याची. बाबा आधी लाल दोऱ्यावाल्या शेठसाठीच बिड्या वळवून देत. मग त्यांनी स्वतःची काढली आणि हिरवा दोरा घेतला. गावोगावी लोक म्हणायला लागले, "हिरव्या दोऱ्याची दे." वर्षा-दोन वर्षांत नदीपलीकडे पार चामोर्शीच्या बाजारापर्यंत हिरवा दोरा पोचला, आणि मी शाळेत उगीचच मान ताठ करून बसायला लागले.

हिरवाच का, असं बाबांना कुणी ना कुणी विचारायचंच, आणि इथेच माझ्या संशयाला तोंड फुटलं. पाटलांच्या ओट्यावर बाबा सांगत, "चुड्याचा रंग आहे जी, सुवासिनीचा. शुभ असते." ब्रह्मपुरीच्या शिंपीचाचांना सांगत, "पीराच्या चादरीचा रंग, चाचा. बरकत येते." रानातून गोंड माणसं पानं घेऊन येत, त्यांना सांगत, "हा तुमच्या रानाचाच रंग घेतला, दादा." तिघेही खूश होऊन जात. मी दाराआडून तिन्ही कारणं ऐकली होती. एका गोष्टीची तीन कारणं सांगणाऱ्या माणसाकडे चौथं असतं, एवढं मला बाराव्या-तेराव्या वर्षीही कळत होतं. मी मायला विचारलं. ती म्हणाली, "मले काय माईत? मले काय विचारून घेतला?" तिच्या आवाजात जरा धार होती. म्हणजे तिलाही ते खुपत होतं.

पडवीत सगळ्यांत टोकाला, दाराकडे पाठ करून पार्बता आत्या बसायची. ही बाबांची धाकटी बहीण. लग्नाला वर्ष व्हायच्या आतच तिचा नवरा तापाने गेला आणि ती आमच्याकडे परत आली. कपाळ मोकळं, हात मोकळे, अंगावर पांढरं लुगडं. वय असेल चोवीस-पंचवीस. तिच्यासारखी बिडी पंचक्रोशीत कुणाला वळता येत नव्हती. बाकीच्या बाया तोंड दुमडताना बिडीला टोक आणायच्या, आत्या अंगठ्याच्या नखाने अशी चिमटी घ्यायची की चार घड्या सारख्या बसायच्या, कळीसारख्या. ती बाकीच्यांच्या दुप्पट वळायची आणि छाटात, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्यांत, तिची एक बिडी निघायची नाही. घर तिच्या बोटांवर चाललं होतं असं म्हटलं तरी खोटं होणार नाही. मला ती फारशी आवडत नव्हती. ती कमी बोलायची, आणि कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल मला तेव्हाही वाटायचं की याच्या पोटात काहीतरी आहे.

त्या हिरव्या दोऱ्याला एक खोड होती. पानं ओली, त्यामुळे बोटं ओली, आणि ओल्या बोटांना दोऱ्याचा रंग लागायचा. संध्याकाळपर्यंत सगळ्या बायांची बोटं पेरांपर्यंत हिरवी व्हायची. बाया हसायच्या, एकमेकींच्या गालाला लावायच्या. आत्या मात्र उठली की थेट चुलीपाशी जाऊन राखेने हात घासायची, कातडी लाल होईपर्यंत. मी ते रोज बघत होते आणि त्याचा मला काहीही अर्थ लागत नव्हता. बाकी सगळ्यांवर डोळा ठेवणारी मी, हे एवढं डोळ्यांसमोरचं मला दिसलं नाही याची आज लाज वाटते.

एकदा बाबा मला चामोर्शीच्या बाजाराला घेऊन गेले. तिथे माझी मावशी राहायची. नेहमीच्या दुकानदाराने बाबांना नेहमीसारखं बसा म्हटलं नाही. त्याने डबा उचलून उन्हात आणला आणि म्हणाला, "पाहा भाऊ, हे काय होय?" डब्यात बिड्यांचे दोन ढीग होते. एका ढिगाचा दोरा आमचा, गर्द हिरवा. दुसऱ्याचा फिक्कट, वाळलेल्या गवतासारखा. "लोकं वापस आणून टाकून राह्यले. म्हन्तात हे हिरव्या दोऱ्याची नोहे, नकली होय. म्या तं तुमचाच माल घेतला. कागद कुठी ठेवत नाई मी, फेकून देतो." बाबांचा चेहरा पडला. त्यांनी फिक्या दोऱ्याची एक बिडी उचलली, वास घेतला, पेटवली, दोन झुरके मारले आणि भर बाजारात थुंकले. "हा आपला तमाखू नोहेच! कचरा भरला आहे साल्यानं. कोनीतरी आपला दोरा चोरून बिड्या बांधून राह्यला." आजूबाजूची चार माणसं माना डोलवायला लागली. दुकानदार म्हणाला, "तो कोन, ते शोधा. तोवर मले नवा माल नोको."

चामोर्शी बंद म्हणजे नदीपलीकडचं सगळं बंद, हे मलाही कळत होतं. घरी आल्यावर त्यांनी दोऱ्याची रिळं पडवीतून उचलून आतल्या कोठीत ठेवली आणि कुलूप लावलं. सकाळी प्रत्येकीला मोजून एक रीळ. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. सोनाबाई नावाची म्हातारी होती, ती म्हणाली, "भाऊ, आमी दोरा खातो काय?" कुणी हसलं नाही. आठ कात्र्या तशाच चालत होत्या, पण मधलं बोलणं, गाणं सगळं बंद झालं. मला मात्र खरं सांगायचं तर आनंदच झाला होता. आजवर माझ्या संशयाला घरात कुणी किंमत देत नव्हतं, आता सगळं घरच संशयी झालं होतं. मी मनाशी ठरवलं की चोर मीच पकडणार.

पहिला संशय रंगाऱ्यावर. ब्रह्मपुरीत एक म्हातारा कोष्टी बाबांचा दोरा रंगवून देत असे. बाजाराच्या दिवशी मी मायबरोबर गेले आणि त्याला सरळ विचारलं की हा हिरवा तू आणखी कुणाला देतोस का. म्हातारा चिडला. "पोरी, हा रंग मी फकत तुह्या बाबासाठी बनवतो. बजारात मिळतच नाई. तुह्या बाबानं बांगडीचा तुकडा आणला होता ना, हिरव्या काचंचा. म्हने, अस्साच पाहिजे, जराबी इकडंतिकडं नाई. तीनदा रंग मोडाले लावला मले." मी मायकडे बघितलं. ती हातातली पिशवी घट्ट धरून उभी होती. "कोनाची बांगडी?" तिने विचारलं. रंगारी म्हणाला, "ते मी कसं इचारू, बाई?"

नंतर चार दिवस माय बाबांच्या ताटात भात असा आपटून वाढायची की दाणे बाहेर उडायचे. बाबांना कारण कळेना आणि ती सांगेना. मला सगळं लख्ख दिसत होतं. बाबांची कुणीतरी बाई आहे, तिच्या हातात हिरव्या बांगड्या आहेत, आणि दोरा तिच्याकडेच जात असणार. मी ती बाई शोधायला लागले. गावातल्या झाडून सगळ्या बायांच्या हातांकडे बघून झालं. सगळ्यांच्याच हातात हिरव्या बांगड्या. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली की दोरा चोरायला घरातलंच माणूस हवं, आणि पडवीत दिवसभर कुणाचं लक्ष जात नाही असं एकच माणूस आहे.

मी आत्यावर डोळा ठेवला. दुपारी आंबील पिऊन बाया जरा टेकत, तेव्हा ती धुण्याचं निमित्त करून बोडीकडे जायची. एक दिवस मी तिच्या मागे गेले. तिची ओटी फुगलेली होती. पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, बोरीची झुडपं होती, तिकडे ती वळली आणि दिसेनाशी झाली. थोड्या वेळाने मी पाहिलं तर बोडीच्या काठाशी दयाराम उभा होता. हा चामोर्शीकडचा. दोन मुक्काम करून गाडीने आमच्याकडे तेंदूची पोती आणायचा. बायको वारलेली, माणूस शांत. त्याचे बैल पाणी पीत होते आणि तो आत्याशी काहीतरी बोलत होता. आत्या मान खाली घालून ऐकत होती. ती परत बोरींकडे वळली तेव्हा ओटी रिकामी होती. चामोर्शीकडचा माणूस, चामोर्शीत नकली बिडी, आणि रिकामी ओटी. आणखी काय हवं होतं? मी धावत घरी आले.

बाबांना मी बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. तसं केलं नाही. बाया पुन्हा सूप घेऊन बसल्या होत्या, त्या सगळ्यांसमोर मी पडवीत उभी राहून मोठ्याने म्हणाले, "बाबा, आत्या दोरा देते दयारामाले. मी पाह्यलं आता." तेव्हा मला आपण फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं.

थोड्याच वेळात आत्या आली. पुन्हा ओटी फुगलेली होती. मला वाटलं, ही आता दुसऱ्या खेपेची तयारी. बाबा उठले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "पार्बता, ओटी खाली कर."

"काऊन, दादा?"

"खाली कर म्हन्तो ना."

आठ बायांसमोर, माझ्या मायसमोर आत्याने लुगड्याची ओटी सोडली. हिरव्या दोऱ्याचा गुंता जमिनीवर पडला. काही वाळलेला, काही ओला. फिक्कट, वाळलेल्या गवतासारखा. चामोर्शीच्या डब्यातला तो रंग मी ताबडतोब ओळखला. बाबांनीही ओळखला असणार, कारण ते एक पाऊल मागे सरकले.

"धुतो मी हे," आत्या म्हणाली. "राखेच्या पान्यात धुतो अन् बोरीवर वाळवतो. कालचा आज आणतो, आजचा तिथी टाकून येतो. जास्तीचा रंग निघून जाते. मंग हाताले तितका लागत नाई."

"काऊन पर?" बाबा म्हणाले.

"काऊन?" आत्याने दोन्ही हात पुढे केले. घासून घासून लाल झालेली बोटं होती ती. "बोडीवर पानी भराले गेली का बाया माह्या हाताकडं पाह्यतात. म्हन्तात, नवरा खाल्ला अन् हिरवं ल्याले पाह्यजे इले. म्या हात कुठी लपवू, दादा? पदराखाली पानी भरता येते काय?"

बाबांनी चामोर्शीहून नमुन्याला आणलेली एक फिकी बिडी सोनाबाईने उचलून डोळ्यांशी नेली. तोंडाची चिमटी पाहिली. चार घड्या, सारख्या. "भाऊ," ती हळूच म्हणाली, "नकली कोन्तीच नव्हती. हे पार्बताचीच होय." म्हणजे बाबांनी भर बाजारात थुंकून ज्या तमाखूला कचरा म्हटलं, तो त्यांचाच होता. पडवीच्या अंधारात आम्हाला दोन हिरव्यांतला फरक दिसला नव्हता आणि कागद गुंडाळला की दोरा झाकलाच जायचा. चामोर्शीच्या उन्हात तेवढा दिसला. दुसरा कुठला दिवस असता तर बाया आठवडाभर हसल्या असत्या.

बाबा आत गेले आणि देवापाशी ठेवलेली एक डबी घेऊन आले. डबीत हिरव्या बांगडीचा तुकडा होता, नखाएवढा. मायने तो बघितला आणि तिचा चेहरा बदलला. "नदीवर तुह्या बांगड्या फोडल्या," बाबा म्हणाले, "तवा म्या हा उचलला होता. तुले बांगडी तं घालता येत नाई मले. म्हटलं, दोरा तरी हिरवा घेऊ. दिवसभर तुह्या हातात राहीन. तुह्यासाठीच घेतला व, पार्बता." त्यांचे डोळे भरले होते. तेव्हा मला रडू आलं, आणि मला वाटलं की आता आत्या त्यांच्या पायाशी बसेल, सगळं मिटेल.

आत्या रडली नाही. "मले विचारलं होतं काय, दादा?" ती म्हणाली. "लोकाईच्या तोंडात जायाच्या बिडीले मी हिरवं बांधू अन् माह्या हाताले लागलं तं राखेनं घासू. हे काय देनं झालं? अन् दयाराम होता बोडीवर, पोरगी खोटं नाई बोल्ली. तो बैलाले पानी पाजाले आलता. आज त्याच्याच तोंडून मले माईत पडलं, त्याची मानसं दोनदा आपल्या घरी येऊन गेली. माह्या पाटासाठी. दोनदा वापस धाडली तुमी. आपल्यात पाट लागत नाई काय? सोनाबाईच्या लेकीचा लागला नाई? बांगडी घालाले कोन नाई म्हने? तुमीच ना?"

आमच्यात विधवेचा पाट लावायची रीत पूर्वीपासून आहे. मुहूर्त, वाजंत्री नसते, पण चारचौघांच्या साक्षीने लागलेला पाट लग्नाइतकाच पक्का मानतात. बाबांनी मान खाली घातली. कात्र्या थांबल्या होत्या. माय उठली आणि चुलीवर काहीतरी लागतंय असं पुटपुटत आत गेली. मग बाबा म्हणाले, "दयारामाले निरोप धाडतो. मानसं घेऊन ये म्हनतो." त्यांनी खाली वाकून तो दोरा गोळा केला. आत्या त्यांना मदत करायला वाकली नाही.

पंधरा दिवसांत पाट लागला. लेकरांनी बघायचा नसतो म्हणून मला शेजारी पाठवलं होतं. सकाळी आत्या दयारामाच्या गाडीत बसली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या होत्या. मी गाडीजवळ गेले. क्षमा मागायचं मनात होतं, जमलं नाही. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुह्यामुळंच मोकळी झाली व मी." हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. बाबा फाटकाशी उभे होते. ती त्यांच्याशी बोलली नाही.

नंतर बाबांनी हिरवा दोरा सोडला. कोरा पांढरा घेतला. पांढऱ्या दोऱ्याची बिडी कोण ओढणार? मयताच्या सामानातला दोरा वाटतो, म्हणून लोकांनी हातही लावला नाही. दोन उन्हाळ्यांत आमची बिडी बंद पडली आणि बाबा पुन्हा शेठच्या लाल दोऱ्याकडे वळले. आत्या सणावाराला यायची, मायशी बोलायची, मला खाऊ आणायची. पण बाबा होते तोवर तिने आमच्या घरात पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. कुठूनतरी पिऊन आले म्हणायची. बाबा गेले तेव्हा आली, दारात बसली आणि राख सावडून झाल्यावर उठून गेली. मी ते सगळं बघितलं आणि मनात बाबांनाच दोषी धरलं. घर आत्याच्या बोटांवर चाललेलं, ती गेली तर बिडी बसणार, म्हणून त्यांनी पाहुण्यांना परत पाठवलं असणार. बांगडीचा तुकडा देवापाशी ठेवायचा आणि बहिणीला घरात ठेवायचं. माझ्या सगळ्या संशयांत हा एकच खरा निघाला असं मी कितीतरी वर्षं धरून चालले.

मायच्या शेवटच्या वर्षात मी तिच्याकडे राहायला गेले होते. दुपारी ती सुपात लाखोरीची डाळ निवडत होती. मी सहज आत्याचा विषय काढला. माय मान वर न करता म्हणाली, "ते पाव्हने मीच वापस धाडले होते, दोनई खेपेले. तुहे बाबा रानात पान पाहाले गेले होते. घरात तुमी चार लेकरं, अन् पार्बता गेली तं बिड्या कोन वळते? त्याईले माईतच नव्हतं."

"अन् तू त्या दिवशी बोलली काऊन नाई, माय?"

"बोल्ली असती तं मले ठेवलं असतं काय घरात?" ती म्हणाली आणि एक खडा उचलून बाजूला टाकला. मला तिचा भयंकर राग आला. बाबा सगळा दोष स्वतःवर घेऊन गेले होते, एक अक्षर न बोलता. मी त्याच आठवड्यात चामोर्शीची बस धरली.

आत्या अंगणात बसून तांदूळ पाखडत होती. केस पांढरेशुभ्र, हातात बांगड्या. दयाराम मामाजी खाटेवर पडले होते, त्यांना ऐकू कमी येत होतं. मी तिला सगळं सांगितलं. रडत सांगितलं. म्हटलं, "आत्या, बाबाची काई चूक नव्हती. मायनं केलं ते. बाबाले माईतच नव्हतं. तुमी उगाच एवढी वर्षं त्याईच्या घरचं पानी नाई पिलं."

आत्याचं सूप थांबलं. मला वाटलं, आता ही रडेल. पण ती तशीच कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "माईत नव्हतं? मंग म्या त्या दिवशी म्हटलं, दोनदा मानसं येऊन गेली, तवा त्यानं विचारलं काऊन नाई, कधी आलती म्हून?"

आमची तोंडं पाहून खाटेवरून मामाजी ओरडले, "काय झालं व? काय म्हन्ते पोरगी?" आत्याने सूप उचललं आणि पुन्हा तांदूळ पाखडायला लागली.